धक्क्यावरच्या वहीतले अकरा दिवस

६ सप्टेंबर, बुधवार

पत्रकासाठी बातमी नाही! शाळेत दोन मुली, बेटावर अठ्ठावन्न घरं, आणि महिन्याला एक पान भरायचं. "विद्यार्थ्यांचं यश" या चौकटीत जुलैत मी नाझुनाचा दात टाकला होता. दुसरीतली नाझुना, पुढचा वरचा दात, फेरीबोटीत बसल्या बसल्या पडला. ओगाता सर म्हणाले, "बाई, दात हे यश नाही." मुख्याध्यापक आहेत, ऐकून घेतलं. पण साऱ्या म्हाताऱ्यांनी तो दात वाचला. ताएकोआजी तर नाझुनासाठी सुकवलेली माकुळं घेऊन शाळेत आल्या. दात नसताना ती माकूळ चावणार कशी, ते कुणी विचारलं नाही.

या महिन्यात काय टाकू? सहावीतली इतोहा पोहत पश्चिमेच्या खडकापर्यंत जाऊन आली. पण ती रोजच जाते.

७ सप्टेंबर

पाणी २७.१. वारा दक्षिणेचा, मंद. मोजायचा हा महिना इतोहाचा.

११ सप्टेंबर, सोमवार

आज बातमी चालत आली!

विद्यापीठातून फोन. समुद्राचा अभ्यास करणारे कोणी प्राध्यापक. त्यांना कुठून तरी आमच्या वह्यांचं कळलं. म्हणाले, "तुमच्या शाळेची मुलं रोज पाण्याचं तापमान मोजतात म्हणे?" म्हटलं, हो, सकाळी साडेसातला, पश्चिमेच्या धक्क्यावर. बादली सोडायची, वर घ्यायची, थर्मामीटर बुडवून शंभर आकडे म्हणायचे. मग लिहायचं — पाणी, वारा, आकाश. "कधीपासून?" १९६१. "सुट्टीत?" सुट्टीतही. नव्या वर्षाच्या सकाळीही. वादळात एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने त्याची कंबर धरायची.

पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज. मग ते अगदी हळू म्हणाले, "बासष्ट वर्षं. बावीस हजारांच्या वर नोंदी. आणि मुलांनी!"

आपण रोज ज्याच्यावरून चालत जातो ते काय आहे हे कोणी परक्याने सांगावं लागतं.

नोव्हेंबरात जिल्ह्याच्या गावी मुलांचं विज्ञान संमेलन आहे. तिथे इतोहाने हे मांडावं असं ते म्हणाले. ओगाता सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "सलग! एकही खंड नाही! बाई, 'सलग' हा शब्द पत्रकात मोठ्ठा घ्या."

मी मान हलवली. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

इतोहाने सगळ्या वह्या कपाटातून काढल्या. व्यायामशाळेत कागद अंथरलाय. फक्त तिचा महिना: बासष्ट सप्टेंबर, एकाखाली एक. दर वर्षाची एक रेघ, दर दिवसाची एक चौकट. नाझुना रंग देते. निळा म्हणजे गार, लाल म्हणजे गरम. पोटावर झोपून, जीभ बाहेर काढून. कागद आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आहे, आणि त्याच्यावर माझी सहावीतली इतोहा गुडघ्यांवर पुढे सरकतेय. शेतात भात लावतात तशी!

मी दारातच उभी राहिले. आत जायचं धाडस होईना. बूट काढून गेले तरी पाय घाण वाटले असते.

"बाई, इकडे या. १९७४ मध्ये बघा, समुद्राला ताप आला होता."

खरंच आला होता.

२७ सप्टेंबर

१९८५ पर्यंत पोचली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं. तिला सापडलं.

मधल्या सुट्टीनंतर ती माझ्यासमोर आली, तेव्हाच मला कळलं. हातात १९८८ ची वही.

"बाई, हे खोटं आहे."

मी विचारलं, काय?

"९ सप्टेंबर ते १९. अकरा दिवस. हे बघा — २६.२, २६.१, २६.१, २६.०, २५.९. असंच खाली. पायरी पायरीने. एकदाही वर नाही. आणि वारा? अकराही दिवस 'मंद'. मग २० तारखेला एकदम २३.१!" तिने वही मिटली. "समुद्र इतका सभ्य नसतो, बाई."

बावीस हजार आकड्यांतले अकरा. प्राध्यापकांच्या यंत्राला दिसले नव्हते. त्यांनी सगळ्या वह्यांचे फोटो मागवून, संगणकात घालून "उत्तम" म्हणून कळवलं होतं. हिला दिसले, कारण ही समुद्राला ओळखते. माणसाचा आवाज ओळखावा तसा. भीती वाटायला हवी होती. वाटलीच. पण त्याच्याआधी, क्षणभर, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

"ज्याने लिहिलं तो धक्क्यावर गेलाच नाही," ती म्हणाली. "वहीत नाव नाही. नुसतं 'सहावी, पट क्रमांक ३'. मी शोधून काढते."

मी म्हटलं, बरं.

४ ऑक्टोबर

बरं म्हटलं. "बरं"! सेहेचाळीस वर्षांची बाई.

१० ऑक्टोबर, मंगळवार

ओगाता सरांना कळलं. खुर्चीतून उठले, परत बसले. "अकरा दिवस म्हणजे काय मोठंसं! बावीस हजारांत! इतोहा, एक सप्टेंबर गाळ ना. एकसष्ट दाखव."

इतोहा म्हणाली, "मग मीपण खोटं लिहिल्यासारखं होईल."

सर वाईट नाहीत. मार्चनंतर इतोहा समुद्रापलीकडे मोठ्या शाळेत जाणार, इथे नाझुना एकटी; एका मुलीसाठी शाळा ठेवतील की नाही कोण जाणे. "सलग" हा शब्द म्हणजे त्यांच्या हातातलं एकच खणखणीत काहीतरी. शिक्षण कार्यालयात गेले की तिथे तोच टेबलावर ठेवायचा त्यांचा बेत आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

इतोहा म्हाताऱ्यांना विचारत फिरतेय. १९८८ ला सहावीत कोण कोण होतं? ताएकोआजींना आठवलं नाही (किंवा आठवलं). मग ती बंदरावर इवाओकाकांकडे गेली. ते फाटलेलं जाळं सुईने तुणत बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, पण अजून रोज बसतात.

आज शाळेत मला तिने जसंच्या तसं सांगितलं: "मी म्हटलं, आजोबा, १९८८ च्या सप्टेंबरात काय झालं होतं? त्यांनी सुई थांबवली. मग म्हणाले, 'तुझ्या बाईंना विचार.' बाई, ते असं का म्हणाले?"

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, सोमवारी सांगते.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं.

नाझुना घरी गेल्यावर व्यायामशाळेत, त्या कागदाच्या काठावर दोघी बसलो. मी म्हटलं, "पट क्रमांक ३ मी."

तिने १९८८ ची वही उघडली. मी सांगत गेले.

८ सप्टेंबरला बाबांची बोट परत आली नाही. ९ ला सकाळी आई म्हणाली, आज राहू दे. मी म्हटलं, नाही, माझा महिना आहे. बादली घेऊन निघाले. आमचं घर दक्षिणेच्या खोलगटात. टेकडी चढून पलीकडे उतरलं की धक्का. मी टेकडी चढलेच नाही. रताळ्याच्या शेतात आमचं खोपट होतं, त्यात दार लावून बसले. शंभर आकडे म्हटले. आणि आकडा घेऊन शाळेत गेले. आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा थोडा कमी. असे अकरा दिवस. पाण्याकडे बघता येत नव्हतं. बघितलं आणि तिथे बाबा दिसले तर?

इतोहाने विचारलं, "मग २० तारखेला कशा गेलात?"

"माहीत नाही. पाय गेले."

"२३.१ खरं आहे?"

"खरं आहे."

तिने मान हलवली. मग कागदावरच्या त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "खोटं लिहिलंत. पण एकही दिवस वही सोडली नाहीत." शाबासकी नव्हे, माफीही नव्हे. बघितलं ते सांगितलं, बस्स. हिला शिकवायला मी कोण?

मग विचारलं, "संमेलनात नाव सांगू?"

म्हटलं, "सांग."

२४ ऑक्टोबर

तिला एक गोष्ट सांगितली नाही. इथे लिहिते.

चार दिवस बेटावरच्या सगळ्या बोटी बाबांना शोधत होत्या. चौथ्या दिवशी, १२ तारखेला, दुपारीच इवाओकाकांनी सगळ्यांना परत बोलावलं. तेव्हा बोटींचे म्होरके तेच. बाबांचे सख्खे थोरले भाऊ! दारात येऊन आईला म्हणाले, "बाहेर उत्तरेचा वारा असा सुटलाय की बोट टिकत नाही. आणखी कोणाला घालवू?" आई म्हणाली, "वारा? माझ्या अंगणात पान हलत नाहीये."

ती मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. बाकीच्यांनी सांगितलं, वहिनी, वारा होता. तर ती म्हणायची, सगळे त्याच्याच बोटीवरचे, त्याचंच बोलणार. पाचव्या दिवशी शोधलं असतं तर सापडला असता. इवाओ घाबरला. भावाला टाकून आला.

मी आईची मुलगी. पस्तीस वर्षं झाली, काकांच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. रस्त्यात भेटले तर वाकते. तेवढंच.

आणि वहीत १२ तारखेपुढे माझ्याच अक्षरात — वारा: मंद.

२ नोव्हेंबर

ओगाता सरांनाही सांगितलं. त्यांनी पत्रकाचा मसुदा पुढे ओढला. मग म्हणाले, "पत्रकातून 'सलग' काढा." थोड्या वेळाने परत आले. "बाई, रताळी भाजलीत. गरम आहेत."

१८ नोव्हेंबर, शनिवार

जिल्ह्याच्या गावी. सभागृहात तीनशे माणसं. मोठ्या शाळांची मुलं, गणवेश, पडद्यावर हलणारी चित्रं. आमच्याकडे कागदाची गुंडाळी. ती उलगडायला मंचावर जागा पुरेना. मग इतोहाने कागद मंचावरून खाली, मधल्या वाटेने, शेवटच्या खुर्चीपर्यंत सोडला. नाझुना दुसरं टोक धरून धावली! लोक उभे राहून बघायला लागले. बासष्ट सप्टेंबर. निळं, लाल, निळं. खालच्या रांगांत लाल वाढत गेलेलं. कोणी सांगायलाच नको, लहान मुलालाही दिसेल असं. माझ्या शेजारचा माणूस तोंडावर हात ठेवून बघत होता.

१९८८ मध्ये अकरा चौकटी पांढऱ्या.

इतोहा म्हणाली, "हे अकरा दिवस मी कोरे ठेवलेत. वहीत आकडे आहेत, पण ते खरे नाहीत. त्या दिवसांत मोजणाऱ्या मुलीचे वडील समुद्रात होते."

एवढंच. नाव घेतलं नाही. मी सांग म्हटलं होतं तरी.

एक परीक्षक म्हणाले, "म्हणजे तुमची नोंद सलग नाही?"

"नाही. तुटलेली आहे," ती म्हणाली. "पण कुठे तुटलीय ते आता आम्हाला माहीत आहे."

मग टाळ्या. मी इतकी वर्षं शिकवतेय, टाळ्या खूप ऐकल्या. असा आवाज नाही ऐकला. मी रडले. नाझुनाने मला तिचा रुमाल दिला, त्यात अर्धा भाताचा गोळा होता.

विशेष पारितोषिक! पहिलं नाही. पहिलं दुसऱ्या एका शाळेच्या भुंग्यांना मिळालं. इतोहा म्हणते भुंगे खरंच चांगले होते.

१९ नोव्हेंबर

फेरीबोटीत तिघी झोपलो. बंदरावर सगळं बेट उभं होतं. इवाओकाकाही, मागे. मी वाकले. तेही वाकले.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

वर्तमानपत्रात आलं. फोटोत कागद सगळा, इतोहा अर्धी, नाझुनाचा फक्त हात. नाझुना तो हात सगळ्यांना दाखवत फिरतेय. ओगाता सरांनी कात्रण चौकटीत घातलं. पत्रकाचा मथळा त्यांनी स्वतः लिहिला: "कुठे तुटलंय ते आम्हाला माहीत आहे." प्राध्यापकांनी कळवलंय, दर वर्षी येणार. वह्यांसाठी. आणि नाझुनाला मोजायला शिकवायला. तिला येतं, म्हटलं. ते म्हणाले, "मग मला शिकवायला."

६ डिसेंबर, बुधवार

पार्सल आलं. कोसाका सरांकडून! माझे सहावीचे सर. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पलीकडे लेकीजवळ असतात. मी दर नव्या वर्षाला कार्ड पाठवते, ते पाठवतात. त्या दिवसांबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते.

आत खिशातली एक जुनी डायरी आणि चिठ्ठी. अक्षर थरथरलेलं. उतरवून ठेवते:

"चिझुरु, वर्तमानपत्र वाचलं. ९ तारखेला तू वर्गात आलीस तेव्हा बादली कोरडी होती. मला कळलं. तुला बोलावं की नाही, कळेना. मग दुसऱ्या बादलीने मीच जाऊन मोजून आलो. अकराही दिवस. फक्त पाणी मोजलं, बाकी काही लिहायचं सुचलं नाही. वहीतले तुझे आकडे खोडले नाहीत. अकरा वर्षांचं पोर अशा दिवसांत रोज एक आकडा घेऊन शाळेत येत होतं. तो मी कसा खोडू? पण आता त्या मुलीने चौकटी कोऱ्या ठेवल्यात. तर हे तिला दे."

बादली कोरडी होती! मला सुचलंच नव्हतं. वाटेत नळाखाली भिजवली असती तरी चाललं असतं.

वर्गासमोर मी शहाण्यासारखी खोटा आकडा वाचत होते, आणि सर माझ्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं. मग बादली घेऊन धक्क्यावर जात होते. माझ्यासाठी. आणि पस्तीस वर्षं गप्प. असंही माणूस असतं! चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. डायरी उघडली नाही. ती माझी नव्हती. तशीच इतोहाच्या हातात दिली.

७ डिसेंबर, गुरुवार

इतोहा सकाळी वर्गात आली ती धावतच. केस विंचरलेले नाहीत.

"बाई, चौकटी भरल्या! पण एक बघा. ११ ला २६.०. १२ ला २३.८. १३ ला २१.३! मग हळूहळू वर."

मी म्हटलं, सरांचं चुकलं असेल. घाईत.

"नाही," ती म्हणाली. "मला पण आधी तसंच वाटलं. म्हणून रात्रभर — नाही, आईने झोपवलं — पहाटेपासून सगळे सप्टेंबर बघितले. असं पाणी एकदम गार झालेलं चौदा वेळा आहे. चौदाही वेळा वाऱ्याच्या रकान्यात एकच: उत्तर, जोराचा. वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळातलं गार वर येतं. दुसऱ्या कशाने येतच नाही. थोड्याशा वाऱ्याने तर नाहीच. बोटी उलटतील असा लागतो." तिने पेन्सिल मागितली. "बाई, १२ तारखेपुढे तुम्ही 'मंद' लिहिलंय ना. ते पण खोडू?"

मी पेन्सिल दिली. आमचं घर टेकडीच्या आडोशाला, दक्षिणेकडे; उत्तरेच्या वाऱ्याने आईच्या अंगणातलं पान हलणार कसं?

नंतर फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी होते. नाझुना म्हणाली, "बाई, फळ्यावर काहीच नाहीये."

८ डिसेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर बंदराकडे गेले. इवाओकाकांचं दार ठोठावलं. त्यांनी उघडलं. मी बूट काढले.

म्हटलं, "काका, त्या दिवशी वारा होता."